हार्झचं मेलेलं जंगल: तोडायचं की तसंच ठेवायचं? (युरोपातल्या वनधोरणावर धागा)

डोंगरकडा

नमस्कार मंडळी. मध्य जर्मनीत हार्झ नावाची डोंगररांग आहे. सर्वांत उंच माथा ब्रोकेन, ११४१ मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही ठेंगणा. माझ्या घरापासून जवळ असल्याने आलेल्या पाहुण्यांना तिथं न्यावंच लागतं, आणि गेली काही वर्षं प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "इथं वणवा लागला होता का रे?" डोंगरच्या डोंगर करड्या, साल गळलेल्या खोडांनी भरलेत. वणवा लागला होता खरा, २०२२ मध्ये, पण त्याआधीच बहुतेक झाडं मेलेली होती. मारेकरी जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा भुंगेरा.

तो स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची साल पोखरतो. आधी नर शिरतो, गंध सोडून बाकीच्यांना बोलावतो. माद्या सालीखाली बोगदे काढून अंडी घालतात आणि अळ्या खोडाचा अन्न वाहून नेणारा थरच खाऊन टाकतात. धडधाकट झाड डिंकासारखा राळेचा लोंढा सोडून किड्याला बुडवतं. पण राळ करायला पाणी लागतं. जानेवारी २०१८ मध्ये वादळाने झाडं पाडली, म्हणजे किड्याला फुकटचं अन्न. मग २०१८, २०१९, २०२० अशी सलग कोरडी वर्षं. एरवी वर्षाला दोन पिढ्या व्हायच्या तिथं तीन झाल्या. जानेवारी २०१८ ते एप्रिल २०२१ या काळात देशभरात सुमारे ५ लाख हेक्टर जंगल गेलं, असा उपग्रहांच्या चित्रांवरून हिशोब निघाला.

आता खरी गोम. हार्झमध्ये स्प्रूस मुळात फक्त वरच्या भागात, साधारण ८०० मीटरच्या वर असायचा. खाली बीच या रुंद पानांच्या झाडाचं राज्य. खाणींना लाकूड हवं म्हणून माणसाने स्प्रूस खाली उतरवला. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी भरपाईपोटी जंगलं तोडून नेली, तेव्हा उघड्या डोंगरांवर पुन्हा स्प्रूसच लावला, कारण तो लवकर वाढतो, सरळ वाढतो आणि विकला जातो.

जंगल जितकं वाढतं तितकंच तोडावं, हे ज्यांनी जगाला शिकवलं तोच हा मुलुख. सॅक्सनीतल्या फ्रायबर्गच्या चांदीच्या खाणींचे प्रशासक हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी १७१३ मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला, कारण भट्ट्यांना लाकूड पुरेनासं झालं होतं. हिशोब चोख ठेवला गेला. तीनशे वर्षं घनमीटर जुळत राहिले आणि तीन उन्हाळ्यांत डोंगर मेले.

तर चर्चेला विषय: मेलेलं जंगल तसंच सोडावं की साफ करून नवीन लावावं? हार्झच्या राष्ट्रीय उद्यानाने गाभ्यात हात न लावायचं ठरवलंय. गावकऱ्यांत आणि पर्यटनवाल्यांत त्यावरून कडाक्याची भांडणं आहेत. माझं मत सोडून देण्याच्या बाजूचं आहे, पण फक्त राष्ट्रीय उद्यानापुरतं.

तिरकस

थोडक्यात, गुरुजींचीच वही कोरी निघाली. आणि हेच लोक आपल्याला जंगल कसं राखावं यावर परिषदा घेऊन सांगतात.

निळीशाई

छान धागा. एक बाळबोध प्रश्न. मेलेली झाडं ठेवली तर किडा आणखी पसरणार नाही का? शेतात रोगट झाड दिसलं की आपण उपटून जाळतो.

डोंगरकडा

@निळीशाई, बाळबोध अजिबात नाही, सगळं भांडण याच प्रश्नावर आहे. वाळून साल गळलेल्या झाडात हा किडा राहत नाही. त्याला ताजी, ओली साल लागते. म्हणजे पर्यटकाला जे भकास दिसतं त्यातून किडा कधीच उडून गेलेला असतो. धोका असतो तो वरून हिरव्या दिसणाऱ्या, आतून लागण झालेल्या झाडाचा. ते काही आठवड्यांत शोधून, तोडून, जंगलाबाहेर काढलं किंवा साल सोलली तरच उपयोग. उशीर झाला की तुम्ही फक्त लाकूड गोळा करताय.

बव्हेरियन फॉरेस्ट या जर्मनीच्या पहिल्या राष्ट्रीय उद्यानात (१९७०) हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झालाय. १९८३ च्या वादळात झाडं आडवी झाली, तेव्हा बव्हेरियाचे मंत्री हान्स आयझेनमान यांनी गाभ्यातली पडझड उचलायची नाही असं ठरवलं. स्वतः वनखात्याचा मंत्री लाकूड सडू देतो म्हटल्यावर लोक चवताळले. पुढे भुंगेऱ्याने हजारो हेक्टर स्प्रूस उभा वाळवला, आणि १९९७ मध्ये उद्यान वाढवायचं ठरलं तेव्हा तर विरोध शिगेला पोचला. आज त्या उतारांवर पडलेल्या खोडांच्या आडोशाने आपोआप उगवलेली दाट रोपं आहेत. स्प्रूसच जास्त, पण वेगवेगळ्या वयाची, मधूनमधून रोवन, बीच. लाकडावर जगणाऱ्या दुर्मीळ बुरश्या आणि कीटक परत आले. शेजाऱ्यांना झळ नको म्हणून सीमेलगत किमान ५०० मीटरच्या पट्टीत मात्र किडा लागलेलं झाड आजही तोडतात. ही पट्टी नसती तर उद्यान टिकलं नसतं, असं मला वाटतं.

निवृत्त_वनमाळी

चर्चा वाचून राहवलं नाही. मी विदर्भात नोकरी केली, परिक्षेत्रापासून सुरुवात केली. दोन गोष्टी सांगतो.

पहिली. १९९७-९८ च्या सुमारास शेजारी मध्य प्रदेशात, मंडला भागात, साल वृक्षांवर खोड पोखरणारा भुंगेरा आला होता. लाखो झाडं तोडली गेली. तेव्हाही हाच वाद: लागण झालेली किती, त्या निमित्ताने तोडलेली किती? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. किड्याचं नाव पुढे करून कुऱ्हाड चालवणं फार सोपं असतं. लाकूड बाजारात गेल्यावर ते आजारी होतं का निरोगी, हे कोण तपासतो?

दुसरी. तिरकसराव, गुरुजींची वही म्हणता, पण आपली वही त्यांच्याच अक्षरात आहे. १८६४ मध्ये हिंदुस्थानच्या वनखात्याचे पहिले महानिरीक्षक झाले ते बॉनचे वनस्पतिशास्त्रज्ञ डीट्रिख ब्रँडिस. त्याआधी ते ब्रह्मदेशातल्या सागाच्या जंगलांवर होते. त्यांच्यामागून आलेले श्लिख आणि रिबेनट्रॉपही जर्मनच. आम्ही ज्याला कार्य आयोजना (जंगलाच्या कामांचा आराखडा) म्हणतो, कूप (तोडीसाठी आखलेले तुकडे) पाडतो, विरळणीचं वर्ष ठरवतो, त्याची मुळं तिकडची. विदर्भात मिश्र जंगल काढून सागाच्या लागवडी झाल्या, त्यामागचा विचारही तोच: एक जात, एक वय, सोपा हिशोब. सागाचं नशीब एवढंच की अळीने पानांची जाळी केली तरी झाड मरत नाही, पुन्हा पालवतं.

ब्रँडिस यांच्यावर मात्र अन्याय नको. गावांना त्यांची स्वतःची जंगलं द्यावीत, असा त्यांचा आग्रह होता. १८७८ च्या कायद्यात ग्रामवनाचं कलम आलं, पण जोर राहिला तो सरकारी राखीव जंगलावर. ती लढाई ते हरले.

तिरकस

काका, ही माहिती नव्हती. ब्रँडिससाहेबांपुरते शब्द मागे. श्लिखसाहेबांचं बघू नंतर.

वॉर्साकरीण

काकांचा मुद्दा पोलंडमध्ये शब्दशः घडलेला पाहिलाय. बियावोव्येझा हे पोलंड आणि बेलारूसच्या सीमेवरचं, मैदानी युरोपातलं सर्वांत नावाजलेलं जुनं जंगल, १९७९ पासून जागतिक वारसा. युरोपीय गवा, ज्याला इथं झुब्र म्हणतात, तो इथल्या रानातून पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत संपला होता. प्राणिसंग्रहालयांतली जनावरं आणून वाढवली आणि १९५२ पासून याच जंगलात पुन्हा मोकळी सोडली.

२०१६ मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री यान शिश्को यांनी तिथल्या एका वनविभागाची तोडीची मर्यादा जवळजवळ तिप्पट केली: दहा वर्षांसाठी ६३ हजार घनमीटरवरून १ लाख ८८ हजारांवर. कारण? स्प्रूसवरचा भुंगेरा. फरक बघा: हार्झच्या खालच्या उतारांवर स्प्रूस माणसाने आणलेला, इथं तो मूळचाच, आणि त्याच्याबरोबर भुंगेराही हजारो वर्षं आहे. त्या किड्यावर जगणारा तीन बोटांचा सुतारपक्षी इथं आहे. किडा हा त्या जंगलाचा घटक आहे. मोठमोठी तोडणी यंत्रं आली, तरुण मुलं यंत्रांना स्वतःला साखळ्यांनी बांधून घेऊ लागली.

जुलै २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयाने अंतरिम मनाई केली. तरी काम चालू राहिलं. नोव्हेंबरमध्ये न्यायालय म्हणालं, थांबला नाहीत तर दिवसाला किमान एक लाख युरो भरा. मग यंत्रं थांबली. १७ एप्रिल २०१८ ला निकाल आला की पोलंडने युरोपीय महासंघाच्या पक्षी आणि अधिवास या दोन्ही निर्देशांचा (सदस्य देशांवर बंधनकारक नियमांचा) भंग केला. गंमत म्हणजे पोलिश बाजूच्या सुमारे ६२ हजार हेक्टर जंगलापैकी राष्ट्रीय उद्यान जेमतेम एक षष्ठांश आहे. बाकीच्या भागाला तारलं ते नातुरा २००० या संरक्षित जागांच्या युरोपभरच्या जाळ्याच्या नियमांनी.

आणि त्याच जंगलातून २०२२ मध्ये निर्वासितांना रोखायला साडेपाच मीटर उंच पोलादी कुंपण गेलं. त्यावर मात्र कुणी दिवसाला लाख युरो लावले नाहीत.

निळीशाई

बाप रे. दिवसाला लाख युरो! आपल्याकडे असं झालं तर काय मजा येईल.

कलम_एकशेब्याण्णव

वॉर्साकरीण यांनी चांगलं मांडलंय. थोडी कायद्याची चौकट देतो, कारण "युरोपचं वनधोरण" असं आपण सरसकट म्हणतोय. युरोपीय महासंघाच्या करारांत जंगल हा विषय महासंघाकडे दिलेलाच नाही. जंगल देशांचं. पण पर्यावरण, हवामान, शेती, व्यापार महासंघाकडे आहेत, म्हणून ब्रसेल्सचा, म्हणजे महासंघाच्या मुख्यालयाचा, हात जंगलात शिरतो तो या बाजूच्या दारांनी. १९७९ चा पक्षी निर्देश, १९९२ चा अधिवास निर्देश, त्यातून उभं राहिलेलं नातुरा २००० (महासंघाच्या जमिनीचा साधारण १८% भाग). हवामानविषयक नियमांत जमीन आणि जंगलांनी मिळून २०३० पर्यंत वर्षाला ३१ कोटी टन कार्बन डायऑक्साइड शोषावा असं लक्ष्य आहे. जंगलच मरत असेल तर हे कसं गाठणार, याचं उत्तर त्यात नाही.

ताजी भर म्हणजे निसर्ग पुनर्स्थापना कायदा. जून २०२४ मध्ये महासंघाच्या मंत्रिपरिषदेत तो पास झाला त्याची कथा मोठी रंगतदार आहे. बाजूने मत देणाऱ्या देशांत मिळून महासंघाची ६५% लोकसंख्या भरायला हवी होती, भरली ६६ च्या जरा वर. स्वीडन, फिनलंड, पोलंड, इटली, हंगेरी, नेदरलँड्स विरोधात. ऑस्ट्रियाच्या मंत्री लेओनोरे गेवेसलर यांनी स्वतःच्या चान्सेलरचा विरोध झुगारून हो म्हटलं, म्हणून तरला. जंगलापुरतं त्यात काय आहे? रानपक्ष्यांची संख्या वाढती दिसली पाहिजे, आणि उभं मेलेलं लाकूड, आडवं पडलेलं लाकूड, मिश्र वयाची झाडं, देशी जातींचं प्रमाण अशा सात निकषांपैकी सहांमध्ये सुधारणा. मेलेलं लाकूड हा कायद्याने मोजायचा निकष झाला, ही माझ्या मते मोठी उडी आहे. एकेकाळी पडलेलं लाकूड रानात दिसलं की फॉरेस्टरची आळशी म्हणून संभावना व्हायची.

उत्तरेचा_वारा

मी उत्तर स्वीडनमध्ये राहतो. इथली बाजूही ऐका, नाहीतर धागा एकतर्फी होईल. स्वीडनची साधारण ७०% जमीन जंगल. त्यातलं जवळजवळ निम्मं लहान घराण्यांचं. वारसाहक्काने आलेलं पन्नास हेक्टर रान, त्यावर मुलांचं शिक्षण, घराची डागडुजी, सगळं. १९०३ पासून कायदा आहे की तोडलं तर पुन्हा उभं करायचंच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या तुलनेत इथं उभं लाकूड जवळपास दुप्पट आहे. १९९३ च्या कायद्याने उत्पादन आणि निसर्ग दोन्ही समान मानले आणि मालकाला मोकळीक दिली. मग आता ब्रसेल्समधला कुणीतरी येऊन त्याच्या रानातली मेलेली लाकडं मोजणार म्हटल्यावर तो चिडणारच.

डोंगरकडा

@उत्तरेचा_वारा, लाकूड दुप्पट झालं हे खरं, पण ते कसलं? सरसकट तोड, नांगरट, एका जातीची रोपं, साठ ते शंभर वर्षांनी पुन्हा सरसकट तोड. जानेवारी २००५ च्या गुद्रुन वादळात दक्षिण स्वीडनमध्ये एका रात्रीत साडेसात कोटी घनमीटर झाडं पडली. पडला कोण? प्रामुख्याने लावलेला स्प्रूस. आणि सामी या उत्तरेकडच्या आदिवासी लोकांच्या रेनडियरांना हिवाळ्यात लागणारं दगडफूल जुन्या रानात येतं. दर शंभर वर्षांनी बोडक्या होणाऱ्या जमिनीवर ते कुठून येणार? घनमीटर वाढले म्हणजे जंगल वाढलं, हाच तर कार्लोविट्झपासूनचा हिशोब. तो लाकडाचा हिशोब आहे.

उत्तरेचा_वारा

सामींचा मुद्दा मान्य, त्यावर इथंही वाद धुमसतोय. पण तुम्ही कागद, पुठ्ठा, लाकडी घरं सगळं वापरणार, ते कुठून यायला हवं? स्वीडनने तोड कमी केली तर ती ब्राझीलमध्ये किंवा अजून कुठे होईल. राष्ट्रीय उद्यानात हात लावू नका, ठीक. गुद्रुननंतर शेतकऱ्यांनी पुन्हा स्प्रूसच लावला, का? ओक लावला तर मूस (इथलं सर्वांत मोठं हरीण) आणि बाकीची हरणं कोंब खाऊन टाकतात. स्प्रूसला तोंड लावत नाहीत. धोरण ब्रसेल्समध्ये ठरतं, पण रानात काय वाढणार हे मूस ठरवतो!

डोंगरकडा

इथं मात्र शंभर टक्के सहमत. जर्मनीतही मिश्र जंगलाचा खरा शत्रू रो हरीण आहे. वर्षाला दहा लाखांहून जास्त मारूनही पुरत नाही. शिकारीचा हक्क जमिनीबरोबर येतो. लहान मालकांची मिळून शिकार-संस्था असते आणि ती हक्क भाड्याने देते. भाडं भरणाऱ्या हौशी शिकाऱ्याला मचाणासमोर भरपूर हरणं हवीत, फॉरेस्टरला कमी. बव्हेरियाच्या कायद्यात "आधी रान, मग जनावर" असं तत्त्व आहे, तरी गावोगावी कुरबुर चालूच. २००० पासून लांडगा परत आलाय, तो थोडी मदत करतो, पण मेंढपाळ त्याच्या जिवावर उठलेत.

निळीशाई

एक मिनिट. जंगल वाचवायला हरणं मारायची? आमच्याकडे काळवीट मारणाऱ्याला तुरुंग आहे!

निवृत्त_वनमाळी

ताई, त्यांच्याकडे वाघ नाही, बिबट्या नाही, रानकुत्रा नाही. लांडगा संपवला तिथं बंदूक आली, हा सरळ हिशोब आहे. ताडोब्यात चितळांची काळजी घ्यायला खाणारे आहेत.

तेंदूपान

गडचिरोलीकडचा आहे, उशिरा आलो. या सगळ्यात एक गोष्ट मला खटकते. मंत्री, न्यायालय, ब्रसेल्स, मालक, शिकारी सगळे आले. गाव कुठाय? आमच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. बांबू कधी काढायचा, किती, कुणाला विकायचा हे ग्रामसभा ठरवते. ब्रँडिससाहेबांना जे १८७८ ला जमलं नाही, ते इथं सव्वाशे वर्षांनी झालं म्हणायचं. युरोपात असं काही आहे की सगळं खासगी आणि सरकारीच?

डोंगरकडा

@तेंदूपान, आहे, आणि जुनं आहे. जर्मनीत साधारण पाचवा हिस्सा जंगल नगरपालिका, गावं अशांच्या मालकीचा. ल्युबेक शहराचं उदाहरण नावाजलेलं: १९९४ पासून त्यांनी शहराच्या जंगलात सरसकट तोड बंद केली, लावण्यापेक्षा आपोआप उगवणाऱ्याला प्राधान्य दिलं आणि सुमारे दहावा भाग तुलनेसाठी अजिबात न तोडता ठेवला. शहराचं आहे म्हणून नगरसभेत मतदान होऊन हे ठरलं. पण तुमच्याकडे गावाचं पोट त्या बांबूवर आहे, ल्युबेककराचं पोट त्या बीचवर नाही. त्यामुळे त्याला संयम सोपा. मेंढा गावाचा निर्णय मला जास्त अवघड वाटतो.

कलम_एकशेब्याण्णव

पैशाचा विषय निघालाच आहे तर: जर्मनीने २०२२ च्या अखेरीस मालकांसाठी योजना आणली. हवामानाला टिकेल असं रान राखलं तर हेक्टरी वर्षाला १०० युरोपर्यंत. अटींमध्ये हेक्टरी किमान पाच जुनी झाडं पक्ष्या-किड्यांसाठी राखणं, मेलेलं लाकूड ठेवणं. १०० हेक्टरांहून मोठं रान असेल तर ५% भाग वीस वर्षं न छेडणं. उत्तरेच्या वाऱ्यांच्या चिडलेल्या मालकाला हे पटेल का?

उत्तरेचा_वारा

पैसे देणार असाल तर पटेल. आत्तापर्यंत त्याला मिळालीत फक्त पत्रकं.

निवृत्त_वनमाळी

डोंगरकडा, २०२४ ची जर्मन वनगणना वाचनात आली. जंगल कार्बन शोषण्याऐवजी सोडायला लागलं, आणि स्प्रूस पहिल्या क्रमांकावरून खाली गेला, पाइन वर आला. मग आता लावताय काय? आणि स्लोव्हेनियाबद्दल ऐकून आहे, तिथं सरसकट तोड बंद आहे म्हणतात. जाणकाराने लिहावं.

डोंगरकडा

काका, लावण्यावरून नवं भांडण आहे. काहीजण उत्तर अमेरिकेचा डग्लस फर लावा म्हणतात, दुष्काळ जास्त सोसतो. काहीजण म्हणतात की परत एकदा परका, परत एकदा एकच, परत तोच धडा. मी दुसऱ्या गटात. हार्झ उद्यानाच्या खालच्या भागात वाळलेल्या स्प्रूसखाली बीचची रोपं लावलीत, ती खोडांच्या सावलीत बरी तग धरतायत.

स्लोव्हेनियात सरसकट तोड दुसऱ्या महायुद्धानंतर लवकरच बंद झाली. देशाचा निम्म्याहून जास्त भाग जंगल, बहुतेक खासगी, तरी मालकाला मनाला येईल ते झाड पाडता येत नाही. सरकारी वनसेवेचा फॉरेस्टर मालकाबरोबर फिरून कोणतं झाड काढायचं ते ठरवतो आणि खूण करतो. एकेक झाड, तेही असं की मोकळ्या जागेत खालचं पोर वर यावं. अस्वल, लांडगा, लिंक्स (मोठं रानमांजर) तिन्ही तिथं आहेत. पण २०१४ मध्ये पाऊस झाडांवरच गोठून बर्फ साचला, तेव्हा तिथंही झाडं मोडली आणि मागोमाग भुंगेरा आलाच. स्प्रूस बराच गेला. जिथं खाली बीच आणि फर होते तिथं डोंगर हिरवा राहिला.

निवृत्त_वनमाळी

झाडागणिक खूण आमच्याकडेही होती, हातोड्याने छाप मारायचो. फरक एवढाच की आम्ही मालकाबरोबर नाही, कंत्राटदाराबरोबर फिरायचो.